हवामानाचे आडाखे आणि कोरडवाहू शेती

यंदा पाऊस किती झाला, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते. सरासरीइतका झाला म्हणजे हंगाम साधला, सरासरीपेक्षा कमी झाला म्हणजे बुडाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दप्तरी नोंदीतही हाच आकडा ठळकपणे मांडला जातो. परंतु पीक वर्षाच्या बेरजेवर जगत नाही. ते त्या त्या आठवड्यात मुळाशी असलेल्या ओलीवर जगते. समजा, मराठवाड्यातील एखाद्या गावी एका वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ६५० मिलिमीटर पाऊस पंचेचाळीस दिवसांत विभागून पडला. दुसऱ्या वर्षीही तेवढाच पडला, पण त्यातील निम्मा केवळ पाचसहा दिवसांत कोसळला आणि ऐन श्रावणात बावीस दिवस आभाळ कोरडे राहिले. दोन्ही वर्षांची बेरीज एकच आहे. पहिल्या वर्षी सोयाबीनच्या शेंगा भरतील. दुसऱ्या वर्षी त्याच शेतात शेंगा पोचट राहतील आणि शिवाय बांध फुटून वरची माती ओढ्याला लागलेली असेल.

बदलत्या हवामानासंबंधी गेल्या काही दशकांत जे शास्त्रीय संशोधन झाले आहे, त्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, या दुसऱ्या प्रकारची वर्षे पूर्वीपेक्षा अधिक वेळा येऊ लागली आहेत व पुढेही येत राहतील. हा निष्कर्ष कशाच्या आधारे काढण्यात आला, त्यावर किती विसंबावे आणि त्यातील कोणता भाग अद्याप अनिश्चित आहे, याची माहिती शेतकरी बंधूंना असणे अगत्याचे आहे. विहीर, शेततळे, फळबाग अथवा बांधबंदिस्ती यांवर केलेला खर्च वीसतीस वर्षांच्या हिशेबाने केलेला असतो, आणि त्या वीसतीस वर्षांतील हवामान गेल्या पिढीने पाहिले तसेच असेल असे आता गृहीत धरता येत नाही.

अंदाज आणि आडाखा

येथे दोन गोष्टींत प्रथम भेद केला पाहिजे. उद्या अथवा येत्या पाच दिवसांत पाऊस पडेल किंवा कसे, हे सांगणे म्हणजे हवामानाचा अंदाज होय. आजची हवा जितकी नेमकी मोजली असेल, तितका तो खरा ठरतो. संपूर्ण मोसमाचा अंदाज हा त्याहून निराळा प्रकार. आपल्या देशात १८७५ साली हवामान विभागाची स्थापना झाल्यानंतर हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध जोडून असा अंदाज देण्यास आरंभ केला. १९०४ ते १९२४ या काळात त्या खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी तपासून प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा झोका शोधून काढला. ज्याला आज आपण एल निनो म्हणून ओळखतो, त्याच्याशी हा झोका निगडित आहे.

पन्नास-शंभर वर्षांनंतरच्या हवामानाविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात तो मात्र अंदाज नव्हे. त्याला आडाखा म्हणणे अधिक योग्य, कारण तो नेहमी ‘जर-तर’ या स्वरूपात असतो. २०५० सालच्या पोळ्याला जालन्यात पाऊस पडेल काय, हे कोणीही सांगत नाही व सांगू शकणारही नाही. एखाद्या विहिरीचा झरा किती आहे आणि तिच्यावर किती पंप चालतात हे ठाऊक असेल, तर अमुक दिवशी पाणी तळाला जाईल असे सांगता येत नाही. पण पंपांची संख्या दुप्पट केली तर फाल्गुनातच उपसा थांबवावा लागेल, हे जाणता शेतकरी निश्चितपणे सांगू शकतो. हवामानाचा आडाखा हा याच जातीचा आहे. जगाने कोळसा व खनिज तेल या वेगाने जाळले तर तापमान इतके वाढेल, तो वेग कमी केला तर इतके, असे त्याचे स्वरूप असते. म्हणूनच वर्तमानपत्रांत कधी दीड अंशाचा तर कधी चार अंशांचा आकडा वाचावयास मिळतो. त्यावरून शास्त्रज्ञांचे एकमेकांशी पटत नाही, असा अर्थ कित्येक जण काढतात. वास्तविक ते आकडे दोन निरनिराळ्या ‘जर’ची उत्तरे असतात.

आडाखा कसा तयार होतो

हवेतील कर्बद्विप्राणील वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवून धरतो. या वायूचे प्रमाण वाढल्यास तापमान किती वाढेल याचे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच हाताने मांडले होते. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ या डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी या वायूची काटेकोर मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्याही वर गेले. ही वाढ प्रत्यक्ष मोजलेली आहे. तिच्यात तर्काचा काही भाग नाही.

यापुढचे काम गणकयंत्राचे. संपूर्ण वातावरण आणि समुद्र यांचे लहान लहान चौकोनी खण कल्पून प्रत्येक खणातील उष्णता, वारा, बाष्प व पाऊस यांचा हिशेब भौतिकशास्त्राच्या नियमांप्रमाणे करावयाचा, एका खणातून शेजारच्या खणात काय गेले ते पाहावयाचे, आणि अशा रीतीने क्षणाक्षणाने पुढे सरकत शंभर वर्षे ओलांडावयाची. अशा मांडणीस प्रतिमान म्हणतात. स्युकुरो मानाबे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली अशा प्रकारचे एक साधे गणित प्रसिद्ध केले. कर्बद्विप्राणील वायू दुप्पट झाल्यास तापमान दोन अंशांहून थोडे अधिक वाढेल, असे त्यांस आढळले. आज, कितीतरी गुंतागुंतीची प्रतिमाने हाताशी असताना, हा आकडा सुमारे तीन अंश मानला जातो. मानाबे यांस या कार्याबद्दल २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रतिमाने खरी ठरतात काय, हा प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर आता देता येते, कारण जुन्या आडाख्यांची मुदत भरली आहे. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या १७ आडाख्यांची प्रत्यक्ष तापमानाशी ताडणी करण्यात आली. हवेत सोडलेल्या वायूंचे खरे प्रमाण लक्षात घेता त्यांपैकी १४ आडाखे वास्तवाशी जुळले. पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या गणिताच्या मानाने हे यश थोडे नव्हे.

आपल्याकडे या विषयाचे मुख्य केंद्र पुणे हे आहे. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची स्थापना १९६२ साली झाली. या संस्थेत तयार झालेले पृथ्वी-प्रणालीचे प्रतिमान आता आंतरराष्ट्रीय अहवालांसाठी होणाऱ्या गणितात अन्य देशांच्या प्रतिमानांच्या बरोबरीने वापरले जाते. याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन सिद्ध केलेला भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा पहिला सर्वंकष अहवाल केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केला. पुढे दिलेले भारतासंबंधीचे बहुतेक आकडे त्या अहवालातील आहेत.

एका गोष्टीची जाणीव ठेवणे मात्र आवश्यक आहे. जागतिक प्रतिमानातील एक खण बहुधा शंभर किलोमीटर किंवा त्याहूनही रुंद असतो. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या वाईस तो हजाराच्याही आत असतो. ही दोन्ही गावे एकाच खणात सामावतात! प्रादेशिक प्रतिमानांनी हे खण लहान केले आहेत. तरीही ‘तुमच्या तालुक्यात २०४० साली इतका पाऊस’ असा आकडा कोणी छातीठोकपणे सांगू लागल्यास त्याकडे सावधपणेच पाहावे.

नोंदी काय दर्शवितात

१९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातील पृष्ठभागाचे पाणी १९५१ ते २०१५ या अवधीत सरासरीने एक अंशाने तापले. जगातील समुद्रांच्या सरासरीपेक्षा ही वाढ अधिक आहे.

पावसाची गोष्ट इतकी सरळ नाही. १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पावसात सुमारे ६ टक्क्यांची घट झाली. गंगेचे मैदान आणि सह्याद्री या भागांत ती विशेष जाणवली. उलट, बहुतेक प्रतिमाने असे सांगतात की या शतकाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस वाढेल. मग घट खरी की वाढ? दोन्ही खरी असू शकतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने, वाहने व चुली यांतून निघालेल्या धुराच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडविला, त्यामुळे जमीन पुरेशी तापली नाही आणि समुद्राकडून बाष्प ओढून आणणारा वारा मंदावला, हे त्या घटीचे एक मुख्य कारण मानले जाते. धुराचे कण आठवड्याभरात खाली बसतात. कर्बद्विप्राणील वायू मात्र शतकानुशतके हवेत राहतो. म्हणून शेवटी त्याचाच प्रभाव वरचढ ठरणार. तथापि हा बदल नेमका केव्हा होईल व कोणत्या जिल्ह्यात किती होईल याबाबत प्रतिमानांत एकवाक्यता नाही. एकूण पावसाच्या वाढीवर विसंबून कोणी पिकाचा बेत आखू नये.

उघडीप आणि धार

ज्या बाबतीत नोंदी आणि प्रतिमाने या दोहोंचे बोट एकाच दिशेला आहे, ती बाब म्हणजे पावसाची वाटणी. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरांपेक्षा अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. दुसरीकडे, १९५१ ते १९८० या तीन दशकांच्या तुलनेने १९८१ ते २०११ या काळात मोसमातील कोरड्या खंडांचे प्रमाण २७ टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे उघडीपही वाढली आणि धारही वाढली.

हे परस्परविरुद्ध वाटते, पण याचे कारण समजण्यास कठीण नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. भांडे मोठे झाले म्हणजे ते भरण्यास वेळ लागतो, आणि उपडे झाले म्हणजे पाणीही जास्त सांडते. समुद्र व जमीन यांवरून होणारे बाष्पीभवन त्या मानाने सावकाश वाढते. त्यामुळे पावसाची खेप उशिराने येते, पण आली म्हणजे जोराने येते. त्यातच अरबी समुद्र तापल्यामुळे त्यावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यात चढउतार वाढले आहेत, व वारा जोरात आला म्हणजे मध्य भारतावर दोनतीन दिवस सलग अतिवृष्टी होते, असे पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसून आले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी त्याच शहरात कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. जोराचा पाऊस किती आखूड पट्ट्यात कोसळतो, याचे हे उदाहरण होय.

आता या गोष्टीचा जमिनीशी संबंध पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटरांचा पाऊस एका दिवसात झाला, तर हेक्टरी दहा लाख लिटर पाण्याला वाट हवी. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिले पाणी भराभर पिते; पण एकदा भेगा मिटल्या व पृष्ठभागावर थेंबांच्या माराने चिकट पापुद्रा धरला, की पाणी मुरण्याचा वेग अगदी मंद होतो. राहिलेले सर्व पाणी उताराला लागते आणि जाताना माती घेऊन जाते. हेक्टरभर शेतातून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तरी त्याचे वजन तेरा टनांच्या आसपास भरते. डोळ्यांना तो दिसतही नाही. त्या मातीबरोबर सेंद्रिय अंश व पेरलेले खत जाते, आणि पुढच्या उघडिपीत ओल धरून ठेवण्याची जमिनीची ताकदही जाते. धारेने केलेली हानी अशा रीतीने उघडिपीच्या दिवसांत पुन्हा एकदा भोगावी लागते. हलक्या, वीतभर खोलीच्या मुरमाड जमिनीत आठदहा दिवसांच्या खंडानेच पीक माना टाकते. खोल जमिनीत ते अधिक काळ तग धरते. तेव्हा खोल जमीन उथळ होणे म्हणजे तग धरण्याचे दिवस कमी होणे, इतका सरळ हा हिशेब आहे.

अलीकडच्या काळात या दोन्ही टोकांचा अनुभव आला आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि राज्यातील कित्येक तालुक्यांत सोयाबीन फुलोऱ्यात असतानाच करपले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा व सोलापूर भागात अतिवृष्टी होऊन काढणीला आलेली पिके पाण्याखाली गेली व नदीकाठच्या जमिनी खरवडून निघाल्या. कोणत्याही एका वर्षावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस हे सांगावयास नको. परंतु अशी वर्षे एकामागून एक येऊ लागली आणि त्यांचा क्रम आडाख्यांशी जुळू लागला, म्हणजे योगायोगाचा आधार फार काळ टिकत नाही.

शासकीय व्यवहारात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानतात. राज्यातील महसूल मंडळांत २०१७ च्या सुमारास ‘महावेध’ योजनेखाली स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आल्यापासून ही नोंद पूर्वीपेक्षा जवळची झाली आहे. तरी मंडळाच्या एका टोकाला ढगफुटी आणि दुसऱ्या टोकाला रिमझिम हा प्रकार होतोच, व त्यामुळे मदत आणि विमा यांच्या बाबतीत शेतकऱ्यांची तक्रार उरते. ती अगदीच निराधार नाही.

उष्ण रात्री

दिवसाच्या उन्हाची चर्चा होते. रात्रीच्या उष्म्याकडे सहसा लक्ष जात नाही. वायूंचे उत्सर्जन न आवरल्यास शतकाच्या अखेरीस भारतात उष्ण दिवसांची वारंवारता ५५ टक्क्यांनी, तर उष्ण रात्रींची ७० टक्क्यांनी वाढेल, असे २०२० च्या अहवालात म्हटले आहे. दिवसा पानांनी तयार केलेल्या अन्नाचा काही भाग वनस्पती रात्री श्वसनात खर्च करतात. रात्र उष्ण असेल तर हा खर्च वाढतो व दाण्यात पडणारी शिल्लक घटते. गव्हाचे पीक तर लवकर पक्व होऊन दाणा बारीक राहतो. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील मार्चचे सरासरी कमाल तापमान २०२२ साली सर्वाधिक होते. त्या वर्षी उत्तर भारतात गव्हाचा दाणा आक्रसला आणि मे महिन्यात केंद्र शासनास गव्हाची निर्यात थांबवावी लागली. निरनिराळ्या पद्धतींनी केलेल्या जागतिक अभ्यासांची २०१७ साली एकत्र मांडणी झाली. तीत तापमानाच्या प्रत्येक अंशामागे गव्हाचे उत्पादन सुमारे ६ टक्के, मक्याचे ७.४ टक्के, भाताचे ३.२ टक्के व सोयाबीनचे ३.१ टक्के घटते, असे आढळले.

कर्बद्विप्राणील वायू वाढल्याने पिके जोमाने वाढतील, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो पूर्णतः खोटा नाही. गहू, भात, सोयाबीन, तूर यांसारख्या पिकांस त्याचा काही लाभ होतो. ज्वारी, मका व ऊस यांस फारच अल्प. परंतु अशा वाढीव वायूत घेतलेल्या गव्हात व भातात प्रथिने, जस्त व लोह यांचे प्रमाण घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. मापात वाढ आणि कसात घट, असा हा सौदा आहे. शिवाय फुलोऱ्यात पाणीच मिळाले नाही, तर वायू कितीही असला तरी त्याचा उपयोग नाही.

फळबागांचा प्रश्न

हंगामी पिकात एका वर्षीची चूक पुढच्या वर्षी सुधारता येते. फळबागेचे तसे नाही. मोसंबी, डाळिंब वा आंबा लावणारा बागायतदार आपल्या बागेच्या साऱ्या आयुष्यातील हवामानाविषयी, जाणता-अजाणता, स्वतःचाच एक आडाखा बांधत असतो. जालना व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांत २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. अनेकांनी झाडे मुळासकट काढली. त्या बागा चांगल्या पाण्याच्या वर्षांत, तीच वर्षे कायमची मानून लावल्या गेल्या होत्या. नवी बाग लावताना विहिरीची पातळी चांगल्या वर्षी किती वर येते हे न पाहता, गेल्या वीस वर्षांतील सर्वांत वाईट दोन वर्षांत ती किती होती हे पाहावे आणि तेवढ्या पाण्यात जितकी झाडे जगतील तितकीच लावावी.

कोकणात अडचण निराळी आहे. हापूसच्या मोहोरास थंड रात्रींची आवश्यकता असते. थंडी उशिरा आली, किंवा येऊन गेली व पुन्हा आली, तर पुनर्मोहोर येऊन आधी धरलेली फळे गळतात. किनाऱ्यालगत समुद्राची पातळीही चढत आहे. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात ती वर्षाला ३.३ मिलिमीटर या गतीने वाढली. हा आकडा दिसण्यास लहान असला तरी उधाणाच्या वेळी खारबंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी आत येण्यास तोच कारणीभूत होतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील सुपारी व नारळाच्या वाड्या आडव्या केल्या, हे अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे.

शेतात करण्याची कामे

उघडीप आणि धार यांवरचे उपाय बहुतांशी नवे नाहीत. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे जे संशोधन झाले, त्यातून बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही पद्धत सिद्ध झाली होती. ती पुष्कळ ठिकाणी मागे पडली, कारण भरवशाच्या पावसाच्या वर्षांत तिची निकड भासली नाही. आता भासेल. मात्र एक सुधारणा करावी लागेल. जुने बांध जुन्या पावसाच्या मानाने बांधलेले आहेत. जास्तीचे पाणी बाहेर काढणाऱ्या दगडी सांडव्याची रुंदी वाढविल्यावाचून मोठ्या धारेत बांध टिकणार नाही, आणि फुटलेला बांध हा बांध नसण्यापेक्षा अधिक माती नेतो.

सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत दोन्ही प्रसंगी उपयोगी पडते. वरंब्यावर तीनचार ओळी व दोन्ही बाजूंस सरी असली म्हणजे अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते, आणि हलक्या पावसात तेच पाणी सरीत थांबून मुरते. त्यासाठी लागणारे पेरणीयंत्र न मिळाल्यास पेरणीनंतर महिनाभराने कोळपणीच्या वेळी चार-चार ओळींनंतर सरी काढावी. सलग सोयाबीनऐवजी चार ओळी सोयाबीन व दोन ओळी तूर असे आंतरपीक घेतल्यास, श्रावणात एक पीक मार खाल्ले तरी हस्ताच्या पावसावर दुसरे सावरते.

पेरणीची घाई हा एक स्वतंत्र विषय आहे. मृगाची पहिली सर आली की तिफण बाहेर काढण्याची रीत जुनी आहे, आणि खंड वाढले असताना तीच सर्वांत महाग पडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याखेरीज सोयाबीनची पेरणी करू नये. दुबार पेरणीस बियाणे, खत व मजुरी मिळून जो खर्च येतो तो हंगामाचा नफा गिळून टाकतो.

शेततळ्याविषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी मावते. त्यातील निम्मे उडून व पाझरून गेले असे धरले तरी उरलेल्या पाण्यात दोन हेक्टर सोयाबीनला शेंगा भरण्याच्या वेळी पन्नास मिलिमीटरांची एक संरक्षित पाळी देता येते. त्या एका पाळीनेच पीक वाचते. परंतु हे गणित तळे वाहत्या पाण्याने भरले तरच खरे आहे. अलीकडे प्लॅस्टिकचे अस्तर घालून, विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी उपसून तळी भरण्याचा प्रघात पडला आहे. जमिनीच्या पोटात सावलीत असलेले पाणी बाहेर काढून उन्हात उघडे ठेवणे, याला साठवण म्हणता येणार नाही. शेजाऱ्याची विहीर त्यामुळे आटते ती गोष्ट वेगळीच. तळ्याची जागा शेताच्या खालच्या अंगास, पाणी नैसर्गिकपणे येईल अशी असावी, आणि गाळ आत येऊ नये म्हणून तोंडाशी गाळ बसण्याचा लहान खड्डा ठेवावा.

प्रत्येक गावी, निदान शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आवारात, एक साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद ठेवणे हे अल्प खर्चाचे काम आहे. नोंदवहीत तारीख व मिलिमीटर यांबरोबर आणखी दोन रकाने आखावेत: मागील पावसास किती दिवस झाले, आणि पहार रोवून पाहता ओल किती खोल लागली. पर्जन्यमापक झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे; झाडाखाली ठेवलेल्या मापकाची नोंद निरुपयोगी असते. अतिवृष्टीच्या दिवशी भांडे भरून वाहण्याचा संभव असल्याने त्या दिवशी ते मधून मधून रिकामे करून प्रत्येक वेळचे माप लिहून ठेवावे व दुसऱ्या दिवशी सकाळी बेरीज करावी.